कोठीघराच्या पोटातलं पेव

पाहुणे सगळे गेले. माझा दादा तेवढा कालपर्यंत अडून बसला होता, शेवटी त्याचीही गाडी तेलगावच्या वाटेला लागली. आता घरात मी एकटी आहे आणि तुमच्याशी बोलायला आज कुठं उसंत मिळाली. तुम्ही होता तेव्हा मी भांडले पुष्कळ, पण तुमच्या समोर बसून, तोंडाकडं बघून मनातलं असं कधी बोलले नाही. आता बोलते.

भेटायला आलेले लोक तुमचं चांगलंच बोलत होते. मिस्त्री भला माणूस, मिस्त्रीनं कुणाचं वाईट चिंतलं नाही. मी पदर पुढं ओढून ऐकत होते आणि मला वाटत होतं, हे भलत्याच कुणाविषयी बोलताहेत. कुठल्याही भिंतीला पाठ टेकण्याआधी तिला बोटानं वाजवून बघणारे तुम्ही, कालवणात मीठ कमी पडलं तर मुकाट्यानं खाणारे आणि मग भलत्याच गोष्टीवरून भांडण निघालं की ते मीठ बाहेर काढणारे तुम्ही, त्यांच्या बोलण्यात कुठंच नव्हता.

लग्नानंतरची आपली वर्षं तंबूत गेली. तुम्ही सरकारच्या तामीरात खात्यात, म्हणजे बांधकामाच्या, मिस्त्री. आज सिंदफणेवर, उद्या मांजरेवर. पूल उभा राहिला की तंबू मोडायचा आणि पुढच्या नदीवर जायचं. आपलं लेकरू तसंच एका नदीकाठी गेलं. ती जागा आज कुणी विचारली तर मला दाखवता येणार नाही. त्यावर आपण दोघं कधी बोललो नाही. पण आंबेजोगाईच्या तुमच्या आत्याबाई वारल्या आणि धारूरचं कोठीघर तुमच्या वाट्याला आलं, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "आता हलायचं न्हाई." मला कळलं तुम्हाला काय म्हणायचं होतं.

ते घर दुसऱ्या कुणाला नकोच होतं. किल्ल्यात फौज असायची त्या काळी तिच्या धान्याची कोठी सांभाळणारा माणूस तिथं राहायचा, म्हणून कोठीघर. किल्ला ओस पडला, कोठीवाल्याचं घराणं संपलं, पुढं ते कसंबसं आत्याबाईंच्या सासरी आलं. मग प्लेग आला आणि सगळी कोठी गल्ली उठून रानात झोपड्या घालून राहिली. जे वाचले ते गावाच्या दुसऱ्या अंगाला घरं बांधून राहिले. या गल्लीत परत कुणी आलं नाही.

आपली गाडी पहिल्यांदा गल्लीत शिरली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. भर दुपार, आणि कुठं कुत्रं नाही की कोंबडं नाही. घरांना दारं नव्हती, लोकांनी चौकटींसकट काढून नेली होती. मी खाली उतरून एका घरात डोकावले. चूल उकरलेली होती. दुसऱ्या घरातही तसंच. प्रत्येक घरात चुलीच्या जागी कमरेएवढा खड्डा. मी म्हणाले, "हे कुणी केलं?"

तुमच्याआधी हमीदाबीनं उत्तर दिलं. विणकराची ती म्हातारी बायको गल्लीत एकटीच राहिलेली. समोरच्या ओट्यावर बसून आपल्याकडं बघत होती. "सोना ढूंडते लोगां," ती म्हणाली. "मरे सो मरे, उनके चूल्हे बी नै छोडे. तुम्हारे घर पे मैं बैठी, तो बचा."

आपल्या घराची चूल तेवढी शाबूत होती. बाकी काय होतं? माळवदाची माती खचून माजघरात आलेली, तुळया वाळवीनं पोखरलेल्या, दाराशेजारच्या ढाळजेत वटवाघळं. तुम्ही दिवसभर नुसते भिंती वाजवत फिरलात. संध्याकाळी येऊन म्हणालात, "हाडं चांगली हायती." मी म्हणाले, "मांस कुठून आणायचं?" तुम्ही हसलात. तुम्ही फार कमी हसायचा, म्हणून लक्षात राहिलं.

त्या घरात आपण जे काम केलं त्याच्याइतकं सुख मला आयुष्यात कशानं दिलं नाही, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. चुन्याची घाणी तुम्ही परसात मांडलीत. चुना, वाळू, गूळ, हिरड्याचं पाणी. माझे हात चुन्यानं फुटले की तुम्ही रात्रीचं तेल काढून ठेवायचा, पण हाताला लावून द्यायचं मात्र तुम्हाला जमायचं नाही, लाजायचा. आपण मिळून माळवदावर पांढरी माती चढवली. उजेडासाठी मधोमध सवणं ठेवलं. पहिल्यांदा त्यातून उन्हाचा गोल माजघराच्या जमिनीवर पडला तेव्हा तुम्ही त्यात उभे राहिलात, देवळात उभं राहावं तसे.

आणि ती खिडकी. स्वयंपाकघराला पूर्वेला खिडकी हवी म्हणून मी महिनाभर मागं लागले होते. भिंत कमजोर होईल म्हणून तुम्ही नाही म्हणत राहिलात. मी रुसून माहेरी तेलगावला गेले. परत आले तर खिडकी झालेली, तीही माझ्या उंचीला मोजून. तुम्हाला तिच्यातून बाहेर बघायचं तर वाकावं लागायचं. मी विचारलं, "आता भिंत कमजोर न्हाई का?" तुम्ही म्हणालात, "व्हती. आता केली पक्की." एवढंच. मी त्या दिवशी तुम्हाला काही बोलायला हवं होतं. मी भाकरी थापायला बसले.

माजघराची जमीन सारखी करताना तुमची पहार एका ठिकाणी वेगळीच वाजली. तुम्ही थांबलात. परत मारलीत. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. तुम्ही गुडघ्यावर बसून कान जमिनीला लावला होता आणि तुमचं तोंड मला आवडलं नाही.

"पेव हाय," तुम्ही म्हणालात. "धान्याचं पेव. कोठीवाल्याचं. लई मोठं हाय."

जुन्या घरात पेव असतंच, त्यात नवल काही नाही. जमिनीच्या पोटात रांजणासारखा खड्डा, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, त्यावर शिळा. पण ही गोष्ट कामावरच्या माणसांनी ऐकली आणि दोन बाजार होईतो सगळ्या धारुरात झाली. कोठीवाल्यानं पळून जाताना फौजेचं सोनं पेवात टाकलं, असं लोक म्हणू लागले. जणू काही तिथं हजर होते.

तेव्हापासून गल्लीत माणसं यायला लागली. मला गल्लीत माणसं हवी होती, पण अशी नाही. येऊन काही बोलायची नाहीत. काम बघतोय असं दाखवायचं आणि नजर माजघराच्या उंबऱ्यावरून आत. आबासाहेबांचा माणूस गेनबा तर रोज यायचा. आबासाहेब म्हणजे निम्म्या शिवाराचे मालक, गेनबा त्यांच्या गोठ्यावरचा गडी. गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा आणि दिवस कलला की निघून जायचा. एकदा मी त्याला विचारलं, "कावून हुबा हाईस?" तो म्हणाला, "मालकानं सांगितलंय, हुबा ऱ्हा."

मग आबासाहेब स्वतः आले. घोड्यावरून न उतरताच म्हणाले, "मिस्त्री, पुरलेला दफीना सापडला तर सरकारचा असतो, ठाव हाय नव्हं? एकट्यानं उघडू नगा. आमाला बोलवा."

तुम्ही म्हणालात, "सापडंल तर बोलवू."

ते गेले आणि आपलं भांडण सुरू झालं. ते आजही संपलेलं नाही.

मी म्हणाले, "बुजवून टाका. दगड घाला, चुना वता, वर फरशी बसवा. हाय न्हाई, कशाला बघायचं?"

"बुजवलं तर म्हनतील, सोनं पुरलं. मग रोज येतील. तू एकली असशील तवाबी येतील."

"आन् उघडलं तर म्हनतील, आधीच काढून घेतलं."

"समद्यांच्या समोर उघडू. खाली काय हाय ते उजेडात दिसलं की संपलं." मग तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "पोटात काय हाय ते म्हाईत न्हाई, अशा घरात मला झोप लागत न्हाई."

मला वाटतं, तुमचं खरं कारण तेच होतं. तुम्हाला भिंत वाजवल्याशिवाय टेकता येत नव्हतं. मला मात्र जमिनीखाली काय आहे ते न बघता तिच्यावर चूल मांडता येत होती, सगळ्या बायकांना येते तशी. आपल्या दोघांत बरोबर कोण होतं, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

पाटील, आबासाहेबांची माणसं, हमीदाबी, गावातली वीसेक माणसं. सगळ्यांसमोर तुम्ही शिळा सरकवलीत. आतून आंबूस वास आला, कित्येक वर्षं मिटलेलं तोंड उघडावं तसा. हमीदाबी मागं सरली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "इसको नक्को खोलना था बेटी." तुम्ही दोरीला कंदील बांधून आत सोडलात. गळ्याच्या खाली जातो न जातो तोच तो विझला. कुणी फुंकर मारावी तसा.

तुम्ही दोर वर ओढलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "आत वारा न्हाई. जो उतरंल तो मरंल. कंदील तळाशी जळंल त्या दिशी बघू. तवर कुनी जवळ यायचं न्हाई." तोंडाभोवती तुम्ही बाभळीच्या फांद्या रचल्यात.

पुढचे दिवस तुम्ही लिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोरीला बांधून पेवात खाली-वर करत होता, आतली हवा हलावी म्हणून. रोज कंदील थोडा जास्त खाली जायचा. मी बघायचे आणि मनात म्हणायचे, कधीच तळाला पोचू नये. तुम्हाला ते कळत असणार, कारण कंदील विझला की तुम्ही आधी माझ्याकडं बघायचा.

त्या दुपारी आपण जेवत होतो. माजघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. जड, आणि खालून. तुम्ही ताट तसंच टाकून धावलात. बाभळीच्या फांद्या बाजूला केलेल्या, खांबाला दोर बांधून आत सोडलेला. परसाच्या दारातून एक माणूस पळताना मला दिसला. आत गेनबा होता. आबासाहेबांना दम निघाला नव्हता. गावासमोर कुणी आत उतरायच्या आधी त्यांना बघून घ्यायचं होतं.

तुम्ही वरून हाक मारलीत. खालून उत्तर नाही.

मी तुमचा हात धरला. हे कुणी बघितलं नाही, फक्त आपल्याला ठाऊक आहे. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "अगं, माणूस हाय." मग धोतराचा सोगा घागरीत बुडवून नाकाला बांधलात आणि दोराला धरून उतरलात. उतरताना म्हणालात, "दोर हालला की वढ."

हमीदाबी धावत आली. आम्ही दोघींनी दोर धरला. आत अंधार होता आणि तुमच्या पायांचा आवाज तेवढा. मग तोही थांबला. मग दोर हलला.

मला वाटलं, तुम्हीच. मी सगळा जीव लावून ओढलं. म्हातारीच्या हाताची सालं निघाली, माझी निघाली. मी ओढत होते आणि मोठमोठ्यानं तुम्हाला बोलत होते, की आता वर आला की बघते, की आता मी तुमचं काही ऐकणार नाही. तोंडाशी डोकं आलं. ते गेनबाचं होतं. दोर त्याच्या बगलेखालून घेऊन तुम्ही पक्की गाठ मारली होती, पुलावर दगड चढवताना मारायचा तशी.

मी त्याची गाठ सोडवली. दोर परत टाकला. हलवला. हाका मारल्या. तो हलला नाही.

लोक जमले तेव्हा पाटलानं कुणाला उतरू दिलं नाही आणि त्याचं बरोबरच होतं. डहाळ्या हलवत राहिले. सूर्य मावळायच्या सुमाराला तुम्हाला वर काढलं. सवण्यातून आलेला शेवटचा उजेड तेवढा जमिनीवर होता. तुमच्या अंगाला काळी जोंधळ्याची धूळ लागली होती. तोंड शांत होतं. मला त्याचा राग आला.

गेनबा वाचला. आबासाहेबांच्या गोठ्यात पडून होता. आणि तुमची राख सावडून होते न होते तोच गावात नवं सुरू झालं. गेनबा शुद्धीवर येऊन म्हणाला म्हणे, पायाला तांब्याचे हंडे लागले. लोक म्हणाले, राखणदारानं मिस्त्रीचा बळी घेतला, म्हणजे धन आहेच. जे लोक तुमच्या मढ्यापाशी रडले, त्यांनीच हे माझ्या ढाळजेत बसून सांगितलं.

आबासाहेब भेटायला आले. या वेळी घोड्यावरून उतरले. "बाई, एकट्या बाईमानसानं अशा घरात ऱ्हाऊ न्हाई," म्हणाले. "घर आमच्या हवाली करा. तुमाला गावात चांगली जागा देतो." बोलत माझ्याशी होते आणि बघत जमिनीकडं होते.

दादाचंही तेच. "सुंदरा, चल. हे घर मानसं खातं."

मी म्हणाले, "घरानं न्हाई खाल्लं, दादा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबासाहेबांच्या गोठ्यावर गेले. विधवा बाई चालत गावातून तिथं गेली म्हणून लोक दारात येऊन बघत होते. गेनबा भिंतीला टेकून बसला होता. छाती भात्यासारखी वाजत होती. मला बघून उठायला लागला.

"बस," मी म्हणाले. "आत काय दिसलं तुला?"

"अंधार," तो म्हणाला.

"हंडे?"

त्यानं मान खाली घातली. "मालक म्हनले, असं सांग."

मला त्याला मारावंसं वाटलं. पण तुम्ही त्याच्या बगलेखाली बांधलेल्या दोराचा वळ मानेपर्यंत आलेला मला दिसला आणि हात उचलला नाही. मी म्हणाले, "उद्यापास्नं मी पेव रिकामं करनार हाय. दार उघडं ठिऊन. ज्याला बघायचं त्यानं यावं. तुझ्या मालकाला सांग."

दादा संतापला, पण राहिला. त्यानंच डहाळ्यांचा भारा वर-खाली केला. कंदील सोडला. तो तळाला गेला आणि जळत राहिला. तुम्हाला थोडे दिवस आणखी मिळाले असते तर, असं माझ्या मनात आलं आणि मी ते तिथंच थांबवलं, नाहीतर मला उभं राहता आलं नसतं.

कंदील जळत होता, पण उतरायला कुणी तयार होईना. धनगरवाड्यावरची दणकट पोरं नाही म्हणाली. दादानं उतरावं असं मला वाटत नव्हतं. मग मी कासोटा घातला आणि दोर कमरेला बांधायला घेतला. हमीदाबी रडायला लागली. लोक बघत होते, कुणी पुढं येत नव्हतं.

गेनबा गर्दीतून आला. हातात पाटी. "मी उतरतो," म्हणाला.

"तुझी छाती अजून वाजतीय."

"मला ठाव हाय आतलं." त्यानं दोर माझ्या हातातून घेतला. आबासाहेबांचे दोन गडी दाराशी उभे होते, त्यांच्याकडं त्यानं बघितलं नाही.

दिवसभर पाट्या वर आल्या. काळा, कुजलेला, एकमेकांना चिकटलेला जोंधळा. कुणा पिढीनं कुणाच्या भुकेसाठी ठेवला आणि विसरून गेली. आम्ही तो गल्लीत, भर उन्हात ओतत गेलो. लोकांनी ढिगात हात घातले, चाळून बघितलं, नाकाला लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पेवाचा लिंपलेला तळ लागला. ज्यांना बघायचं होतं त्यांना मी एकेकाला बोलावून कंदील सोडून दाखवला.

गेनबा शेवटची पाटी घेऊन बाहेर आला. गल्लीच्या मधोमध उभा राहिला. आवाज बसलेला, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "आत कायबी न्हाई. पयल्या दिशीबी नव्हतं. मी खोटं बोललो. मिस्त्रीनं मला वर धाडलं."

मग घोड्याचा आवाज आला. आबासाहेब येऊन ढिगापाशी थांबले. हातातल्या काठीनं जोंधळा जरा उकरला. मान वर करून त्यांनी आपल्या घराकडं बघितलं, ढाळजेपासून माळवदापर्यंत, तुम्ही पहिल्या दिवशी बघितलं होतं तसं सावकाश.

"हितं न्हाई, तर दुसरीकडं असंल," ते म्हणाले. "घर मोठं हाय, बाई."

आणि निघून गेले.

पेव मी बुजवलं. गल्लीतल्या पडक्या भिंतींचे दगड घातले, चुना ओतला, वर फरशी बसवून घेतली. आधी तुमचं केलं, मग माझं. तरी तुम्ही म्हणाला असतात, मी म्हणत होतो तेच झालं, आणि मी म्हणाले असते, बुजवलंच ना शेवटी. मला ते ऐकायला आवडलं असतं. आता दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं.

मी भीत नाही, असं तुम्हाला खोटं सांगणार नाही. आबासाहेब सोडणारे नाहीत. आज ना उद्या सरकारी माणसं घेऊन येतील, आणि तुम्ही घातलेली एकेक फरशी उचलायला सांगतील. मी दारात उभी राहीन. त्यांनी काय करायचं ते करावं. तेलगावला मी जाणार नाही. दादाला सांगितलं, आपल्या माणसाची जागा दाखवता येईल असं हे एकच ठिकाण माझ्याकडं आहे.

गेनबाला मालकानं काढून टाकलं. काल दादाची गाडी गेल्यावर तो आला आणि ढाळजेच्या पायरीवर बसला. "बाई, हितं ऱ्हाऊ का?" म्हणाला. मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. तुम्ही लगेच हो म्हणाला असतात, म्हणून तर मला राग येतो. हमीदाबीच्या हाती त्याला भाकरी पाठवली. सकाळी उठून बघते तर त्यानं चुन्याची घाणी साफ करून ठेवली होती.

आत्ता मी हे बोलतेय आणि तो बाहेर खोकतोय. खोकला थांबला की मी ऐकत राहते. परत सुरू झाला की कामाला लागते.